गाल टिकावा म्हणून: नांदेड ते देवणी

नांदेडहून परत आल्यावर कोल्हापुरात जो भेटेल तो विचारायचा, "काय काय बघितलं?" मी म्हणायचे, "गाल." समोरचा हसायचा आणि मग गोदावरीबद्दल विचारायचा. गोदावरीही बघितली, पण ती वाटेत लागली म्हणून. मी गेले होते गालांसाठीच.

मी प्लास्टिक सर्जन आहे. भाजलेले हात, फाटलेले ओठ, अपघातात चेचलेले चेहरे हे माझं रोजचं काम. त्यातलंच एक काम असं की पोटावरची किंवा मांडीवरची चरबी बारीक नळीनं ओढून घ्यायची आणि चेहऱ्यावर जिथं खड्डा पडलाय तिथं भरायची. ऐकणाऱ्याला हे फार सोपं वाटतं. बायका तर लगेच कमरेला चिमटा घेऊन "आमच्याकडं हवा तेवढा साठा आहे" असं सांगतात. काढणं सोपं आहे, भरणं थोडं अवघड आहे, आणि टिकवणं हे खरं काम आहे. भरलेल्यातली काही चरबी जगते, काही विरून जाते. किती जगेल हे कोणी छातीठोकपणे सांगायला लागला तर त्याच्याकडं जाऊ नये.

डॉ. अफसर माझा जुना विद्यार्थी. माझ्या हाताखाली शिकला आणि आपल्या गावी, नांदेडला जाऊन स्थिरावला. त्याचं घराणं तिथलं जुनं, आजोबांचं अत्तराचं दुकान अजून बाजारात आहे. डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"मॅडम, माझ्या हातचे गाल टिकेनात. तुम्ही एकदा येऊन माझा हात बघून जा."

सगळेच टिकत नव्हते असं नाही. पण एक मुलगी होती, सुवर्णा नावाची, देवणीची. तिचा डावा गाल त्यानं दोनदा भरला आणि दोन्ही वेळेला तो उतरला. आता तिसरी आणि शेवटची वेळ शनिवारी ठरली होती. शेवटची अशासाठी की मुलगी मुळात बारीक, काढायला चरबीच फारशी उरली नव्हती. ही पण गेली तर पुढं काही करता येणार नव्हतं. अफसरला मी शेजारी उभी असायला हवी होते. मी सोमवारी निघाले.

नांदेड

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गाडीत समोरचा माणूस घोरत होता आणि मी जागी होते.

नांदेडला पहिला नाश्ता अफसरच्या घरी झाला. त्याच्या आईला सगळे अम्मी म्हणतात, मीही म्हणायला लागले. अम्मींनी खिचडी-खट्टा केला होता. मसूर घातलेली पिवळी खिचडी, शेजारी खिमा, आणि वरून चिंच-तिळाचं आंबट पातळसर कालवण, तोच खट्टा. सकाळी सकाळी एवढं जेवण बघून मी जरा बिचकले. आमच्याकडं तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारी माणसंसुद्धा सकाळी मिसळीवर भागवतात.

"घ्या की बेटी, लाजायचं काय त्यात?" अम्मी म्हणाल्या. "आमचा पोरगा तुमच्याच हाताखाली तयार झाला. दोन महिन्यांपासून नीट जेवून नाही राहिला. जरा समजावून सांगा."

"अम्मी," अफसर म्हणाला.

"अम्मी काय? खोटं हाय का?"

खट्टा मी तीनदा घेतला. नंतर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहताना त्याचा पश्चात्ताप झाला, पण थोडाच.

त्या दिवशी हिमायतनगरच्या एका तरुणाचं ऑपरेशन होतं. मोटारसायकलवरून पडून गालाचं हाड मोडलं होतं, हाड जुळलं पण वरचं मांस बसलं होतं. मी हात मागं बांधून उभी राहिले आणि अफसरचा हात बघत राहिले. चूक शोधायलाच आले होते, त्यामुळं बारकाईनं बघत होते. पण तो छोट्या सिरिंजनं हळूहळू ओढत होता, पंपाचा जोर लावून पेशी फोडत नव्हता. चरबीतलं रक्त आणि तेल निथळू देत होता. आणि भरताना थेंबाथेंबानं, निरनिराळ्या थरांत, नळी मागं घेत घेत सोडत होता.

हे थेंबाथेंबाचं महत्त्वाचं. आमच्या गगनबावड्याच्या बाजूला भाताची लावण करतात, तिथं रोपांची पेंडी एकाच जागी खुपसली तर मधली रोपं कुजतात. चरबीचंही तसंच आहे. नव्या जागी गेलेल्या चरबीला पहिले काही दिवस रक्तवाहिन्या नसतात, आजूबाजूच्या मांसातून झिरपेल तेवढ्यावर तिला जगायचं असतं. गोळा मोठा असला तर मधल्या पेशींपर्यंत काही पोचतच नाही, त्या मरतात. अफसरला हे पाठ होतं आणि हातालाही माहीत होतं.

संध्याकाळी वॉर्डात गेलो तर त्या तरुणाची आत्या हिमायतनगरहून आली होती. तिनं दारातूनच दोन्ही हात पुढं केले. भाच्याच्या गालांवरून हात फिरवून, आपल्या कानशिलांवर बोटं मोडून त्याची आलाबला घ्यायची होती. सिस्टर आडवी आली.

"मावशी, हात न्हाई लावायचा. दाबलं की बसतंय ते."

"मायेनं बी न्हाई?"

"मायेनं बी न्हाई. दोन-तीन आठवडे लांबूनच."

आत्याबाई खुर्चीवर बसल्या आणि हात पदराखाली घेऊन लांबूनच बघत राहिल्या. माझ्या दवाखान्यात मी नुसतं "मसाज नको" असं सांगते. इथं सिस्टरला माया हा शब्द वापरावा लागतो. नियम तोच, पण तो कोणत्या शब्दांत सांगायचा हे गावागणिक बदलतं.

"तुझ्या हातात काही चूक नाही," मी अफसरला म्हणाले.

तो खूश होईल असं वाटलं होतं. झाला नाही. "मग चूक कुठं हाय, मॅडम?" एवढंच म्हणाला.

विष्णुपुरी

दुसऱ्या दिवशी त्यानं मला विष्णुपुरीला नेलं, ज्याचा गाल टिकला होता असा एक पेशंट दाखवायला. अडवलेली गोदावरी तिथं ऐसपैस पसरलेली आहे. पाण्यावर थंडीचं धुकं होतं आणि काठावर कोणीतरी म्हशी धूत होतं. आमची पंचगंगा एवढी रुंद फक्त पुरात होते, आणि तेव्हा ती कोणाला बघावीशी वाटत नाही.

पेशंट म्हणजे कुलकर्णीकाका, कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. जबड्याजवळची गाठ काढल्यावर गालात खळगा पडला होता. दोन वर्षांपूर्वी अफसरनं तो भरला. मी खिडकीजवळ बसवून बघितलं, दाबून बघितलं, हसायला लावलं. गाल मऊ, सारखा, जागच्या जागी.

"काही विशेष काळजी घेतली का?" मी विचारलं.

काका विचारात पडले. उत्तर काकूंनी दिलं. "ते कशाची काळजी घेणार? सकाळी सुशीला, दुपारी दोन पोळ्या, रात्री दीड भाकरी. दीड म्हणजे दीडच. पाहुण्याच्या घरी गेले तरी अर्धी मोडून परत ठेवतात. मला मेलीला लाज वाटते. ही जी पँट घातलीय ना, ती आमच्या लग्नातली हाय."

"साखरपुड्यातली," काकांनी शांतपणे दुरुस्ती केली.

सगळे हसलो. काकूंनी सुशीला आणली. चुरमुरे भिजवून फोडणीला टाकलेला हा प्रकार मराठवाड्यात घरोघरी होतो, नाव मात्र एखाद्या मावशीचं वाटतं. मी दोनदा घेतला, काकांनी एकदाच. त्यांचा गाल का टिकला याचं उत्तर त्या वेळी माझ्यासमोर पँट घालून बसलं होतं, पण मी नुसतीच हसून निघाले.

लातूर

लोहा, अहमदपूर करत लातूरला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. लातूरला पाऊल टाकल्या टाकल्या कळतं की हे शिकवण्यांचं गाव आहे. चौकाचौकात फलक, त्यांवर मुलांचे पासपोर्टचे फोटो मोठे करून लावलेले, आणि रस्त्यावर पाठीला दप्तरं अडकवलेल्या मुलामुलींचे थवे. आमच्याकडं एवढी गर्दी फक्त कुस्तीच्या मैदानाबाहेर दिसते.

सुवर्णा अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पेशीच्या आवरणाबद्दल सांगत होती, छान सांगत होती. पण पाठ संपेपर्यंत तिनं वर्गाला उजवीच बाजू दाखवली. फळ्यावर लिहिताना, मुलाला उभं करताना, खिडकी लावून घेतानासुद्धा. पायांना इतकी सवय झाली होती की तिचं तिलाही कळत नसावं.

वर्ग सुटल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि पूर्ण चेहरा माझ्याकडं केला. डावा गाल आत गेलेला, गालाच्या हाडाखाली हाताची मूठ मावेल असं वाटावं इतका. बाराव्या वर्षी सुरू झालं. चेहऱ्याच्या एकाच बाजूची चरबी हळूहळू विरत जाण्याचा हा एक आजार आहे. तो कशानं होतो हे आम्हाला नीट माहीत नाही, पण कित्येकदा आपणहून थांबतो. तिचा कॉलेजात असताना थांबला. मागं फक्त खड्डा राहिला.

"लोक विचारायचे, डावीकडचे दात काढले का? आधी खरं सांगायचे. नंतर हो म्हणायला लागले. लवकर सुटका होते."

"आणि भरल्यावर?"

"भरल्यावर तीन-चार महिने लई भारी वाटायचं, मॅडम. मग एक दिवस वाटायचं, जरा उतरलाय का? मैत्रिणीला विचारायचे, ती म्हणायची न्हाई गं. मग अजून उतरायचा. मग मैत्रीण पण काही बोलायची न्हाई." तिनं बोटांवरचा खडू पुसला. "ही शेवटची. या वेळी राहिला तर राहिला. न्हाई राहिला तर मी हाय तशी राहीन. पण दोनदा मिळून गेलाय, त्याच्यापेक्षा मुळात मिळालाच नसता तर बरं झालं असतं."

मी तिला सगळं विचारलं. तंबाखू? नाही. घरच्यांनी शेक दिला? नाही. कुशीवर झोपलीस? महिनाभर उशांच्या मध्ये उताणी. आजार पुन्हा उसळला? त्वचा मऊ होती, नवा डाग नव्हता. म्हणजे ज्या ज्या कारणानं चरबी जाते असं आम्ही शिकवतो, त्यातलं एकही कारण सापडेना. गुणी पेशंट बरा झाला नाही की डॉक्टरची फार चिडचिड होते. माझी झाली, आणि ती मी अफसरवर काढली.

"उद्या येळवस हाय," सुवर्णा म्हणाली. "क्लासला सुट्टी. मामा म्हणले, डॉक्टर लोकांना शेतात घेऊनच ये."

येळवस हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. वेळा अमावस्या. म्हटलं, असेल काहीतरी अमावस्येचं.

देवणी

सकाळी लातूरचे रस्ते बघून मला वाटलं की संचारबंदी लागली. दुकानं बंद, रिक्षा नाहीत, काल गजबजलेल्या चौकात एक कुत्रं. "सगळे शेतात गेले," अफसर म्हणाला. "ज्याचं शेत न्हाई तो दुसऱ्याच्या शेतात जातो. आम्हीबी लहानपणी अब्बांच्या दोस्ताच्या शेतात जायचो." एक अख्खं शहर उठून जेवायला रानात जातं, हे मी तरी दुसरीकडं पाहिलं नाही.

देवणीच्या पुढं, हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेला दिवस मी मामींच्या चपलेत काढला. ती माझ्या पायापेक्षा दोन बोटं मोठी होती, त्यामुळं मी बदकासारखी चालत होते आणि शेतातली पोरंटोरं मागून तशीच चालून दाखवत होती.

सुवर्णाचे आई-वडील ती लहान असतानाच गेले. व्यंकटमामा आणि मामींनी तिला वाढवलं. मामा उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा टॉवेल. मामी बोलायला कमी आणि वाढायला पुढं. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी केली होती, आत पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा. मामांनी मडक्यातली आंबील शेताच्या चारी कडांना शिंपडली आणि मग जेवायला बसलो.

भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. शेतातल्या सगळ्या शेंगा, दाणे आणि भाज्या बेसनात एकत्र शिजवलेलं दाट कालवण. त्याबरोबर बाजरीचे उकडलेले उंडे, ज्वारीची भाकरी, गव्हाची खीर, आणि प्यायला आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं ताक. पांढऱ्या रश्शावर माझा जीव आहे, पण त्या दिवशी मी त्याच्याशी बेइमानी केली.

मामा सुवर्णाच्या ताटाकडं लक्ष ठेवून होते. तिची भाकरी संपली की दुसरी, खिरीवर तूप, पुन्हा तूप.

"खा, खा. शनवारी माल लागतोय डाक्टर सायबाला," ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "पहिल्या बारीलाच सायबांनी म्हणलं होतं, पोरीच्या अंगावर काहीच न्हाई, काढावं कुठून. म्हणलं, काढायला तर कमी पडू द्यायचं न्हाई. तिन्ही बारीला दोन-दोन महिने आधीपासून खुराक लावलाय बघा."

अफसर कसंनुसं हसला. मीही हसले. आंबील दोन तांबे झाली होती आणि डोळे जड झाले होते. आंब्याच्या झाडाखाली मी आडवी झाले आणि चक्क घोरले, असं नंतर कळलं.

उठले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुवर्णा म्हणाली, चला, मामांचा बैल बघा. देवणीत येऊन बैल न बघणं म्हणजे कोल्हापुरात येऊन तालीम न बघण्यासारखं. पांढराशुभ्र बैल, चेहऱ्यावर काळं. अशाला वानेरा म्हणतात, मामांनी सांगितलं. गेल्या साली प्रदर्शनात पहिला आला होता.

"जरा खंगल्यासारखा वाटतो," मी म्हणाले. मला बैलातलं काही कळत नाही, पण बरगड्या कोणालाही दिसतात.

मामांना त्यात काही वाईट वाटलं नाही. "उतरला की. प्रदर्शनाच्या आधी खुराक लावतो. सरकी, भरडा, गूळ, अंडी. अंग कसं चकचकीत होतंय. झालं प्रदर्शन की परत कडबा. मग उतरतोच. हे वशिंड बघा, डोंगरावाणी झालं होतं. अंग उतरलं की वशिंडबी उतरतंय."

मी वशिंडावर हात ठेवला. मऊ, एका बाजूला कललेलं. आणि मग मी सुवर्णाकडं बघितलं. तिच्या कुर्त्याच्या बाह्या दंडावर काचत होत्या. काल वर्गातही काचत होत्या, पण मी फक्त गाल बघत होते.

मामा बैलाला पाणी दाखवायला गेले. मी सुवर्णाला बांधावर बसवलं.

"पहिल्या ऑपरेशनच्या आधी किती वजन वाढलं होतं?"

"सात-आठ किलो असेल. डिंकाचे लाडू, तूप, सगळं लातूरला रूमवर यायचं. मामी सोडतच नव्हत्या."

"आणि नंतर?"

"नंतर परत नुसता मेसचा डबा. चार-पाच महिन्यांत होते तशी झाले. कपडे परत बसायला लागले म्हणून बरंच वाटलं होतं."

"दुसऱ्या वेळी?"

"तसंच."

पुढं मला काही सांगावं लागलं नाही. जीवशास्त्राची बाई ती. तिनं स्वतःच्या दंडाकडं बघितलं आणि मग हात गालावर ठेवला. "पोटातली पेशी गालात गेली तरी ती पोटाचीच राहणार. अंग सुटलं की फुगणार, अंग उतरलं की उतरणार. म्हणजे गाल गेलाच नव्हता, मॅडम? तो माझ्याबरोबर बारीक झाला?"

"बराचसा."

काही चरबी तशीही विरलीच असणार, ते मी तिला सांगितलं. पण दोन्ही वेळेला खुराकानं फुगलेली चरबी भरली होती. खुराक सुटला आणि गाल बसला. अफसर मागं उभा राहून ऐकत होता. तो खाली मातीतच बसला.

"मग शनिवारचं?" तिनं विचारलं.

"शनिवारी करणार नाही. आधी तुझ्या रोजच्या जेवणावर तुझं जे वजन असतं त्यावर ये. काही महिने तिथं स्थिर राहा. मग करू. वर्ष जाईल."

ती उठून उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिला चिडलेली बघितलं. "वर्ष? मी सुट्टी घेतलीय, मॅडम. मुलांना सांगून आलेय. अजून एक वर्ष फळ्याकडं तोंड करून शिकवायचं?" मला फार वाईट वाटलं. खोटी समजूत घालायची नव्हती, म्हणून मी सरकून बांधावर तिच्यासाठी जागा केली. शेवटी ती खाली बसली.

"मामाला सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना सहन नाही होणार."

मला ते पटत नव्हतं. न सांगावं तर पुढच्या वर्षी पुन्हा लाडू. तेवढ्यात मामाच बैल घेऊन आले, तिचा चेहरा बघून थबकले.

"काय झालं गं?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही. मी तोंड उघडलं होतं, पण सुवर्णाच बोलली. खालच्या आवाजात, आपल्या गावच्या बोलीत, शिकवावं तसं.

"मामा, गालात भरलेली चरबी पोटाचीच असते. वशिंडावाणी. अंग उतरलं की तीबी उतरते. दोन्ही बारीला तसंच झालं."

मामांनी बैलाची वेसण आवळून धरली. मग म्हणाले, "म्हंजे दोन्ही बारीला मीच घालवलं."

"तुमी न्हाई घालवलं. तुमी मला जेवू घातलं."

मामी कोपीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी पायातल्या त्यांच्या चपलेकडं बघत राहिले. मामांनी टॉवेल काढून तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन बसले, व्यवहाराला बसतात तसे.

"मग आता कसं करायचं, बाई? परत न्हाई उतरायला पायजे असं सांगा."

"रोज ती जेवढं खाते तेवढंच. कमी नाही, जास्ती नाही. आधीही तेच, नंतरही तेच. वर्षभर, आणि पुढंही."

मामांनी मान हलवली. "म्हंजे प्रदर्शनाचा खुराक न्हाई. औताच्या बैलाचा खुराक. बारा महिने एकसारखा."

दुसरीकडं कुठं मी हे इतकं नेमकं ऐकलेलं नाही, आणि पेशंटला सांगताना आता मी तेच वाक्य वापरते. कोल्हापुरातही औत सगळ्यांना कळतं.

निघताना मामींनी गाडीत ठेवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा मामांनी परत बाहेर काढला, थोडा विचार केला आणि माझ्या हातात दिला. "तुमी न्या. तुमाला कुठं काय भरायचंय."

पुन्हा नांदेड

शनिवारी थिएटर रिकामं राहिलं. मी ज्या कामाला आले होते ते केलंच नाही आणि तरी काम झालं होतं. अम्मींनी बिर्याणी केली. अफसर त्या दिवशी जेवला, आणि दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा अम्मींनी माझ्याकडं बघून मान हलवली.

"म्हणजे हात माझा ठीक हाय," तो म्हणाला.

"हात ठीक आहे. तोंड सांभाळ. 'अंगावर काहीच नाही' असं पेशंटच्या मामासमोर परत म्हणू नकोस."

"आणि मी दर वेळेला फोटोच काढत राहिलो. तिला काट्यावर उभं करायचं सुचलंच नाही."

मी लाडू गाडीत दोन खाल्ले. बाकीचे घरी पोचेपर्यंत उरले नाहीत.

सुवर्णाचं ऑपरेशन वर्ष उलटून गेल्यावर, संक्रांतीनंतर अफसरनं एकट्यानं केलं. मांडीच्या आतल्या बाजूची थोडीच चरबी मिळाली, तेवढी थेंबाथेंबानं भरली. गाल पूर्ण भरला नाही. पहिले काही महिने तो थोडा उतरला, जेवढा उतरायचा तेवढा, आणि मग थांबला. हाडाखाली अजून एक उथळ खोलगटपणा आहे. उजव्यासारखा तो कधीच होणार नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत आहे.

परवा तिचा फोन आला. क्लास, मुलं, मामांच्या गुडघ्याचं दुखणं असं सगळं झाल्यावर म्हणाली, "मॅडम, रोज सकाळी उठलं की मी आधी गाल बघते. राहिलाय का गेला. पहिल्या ऑपरेशनपासून एक दिवस चुकवला नव्हता. काल सकाळी उठायला उशीर झाला, तशीच पळत क्लासला गेले. दिवसभर शिकवलं. रात्री रूमवर आल्यावर लक्षात आलं, आज बघायचंच राहिलं."

"मग बघितलास?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "भूक लागली होती. जेवले आणि झोपले."